तिसऱ्या भागातलं वाळूचं घड्याळ पुढं कुठं गेलं?

पत्र, थोडक्यात:

‘मी आठवीत आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात राहते. जादूच्या, ड्रॅगनच्या, राक्षसांच्या कादंबऱ्या मी भरपूर वाचते, काही मराठीतून आणि काही इंग्रजीतून. माझी मतं अशी आहेत. नायक दरवेळी अनाथच का? पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशा बिनकामाचा असतो. मालिकेचे मधले भाग ताणलेले असतात. आणि हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात काळात मागं नेणारं घड्याळ आहे, तर मग पुढच्या भागांत माणसं मरतात तेव्हा ते कुणी वापरत का नाही? वाचनालयाच्या कार्यक्रमात मला आवडत्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचंय. चार फुलस्केप पानं लिहिली, ती सोबत पाठवते. बाई म्हणाल्या, यात तुझं मत कुठंय? तू तर गोष्टच सांगितलीस की. आई म्हणते, हे सोडून काहीतरी चांगलं वाच. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे, त्याला माझीच पुस्तकं पाहिजेत. देऊ का?’

उत्तर:

तुझ्या पत्रातला सगळ्यांत दमदार मुद्दा घड्याळाचा आहे आणि चार पानांत नेमका तोच नाही. म्हणून आधी तोच घेऊया.

तिसरा भाग १९९९ साली आला. साखळीत ओवून गळ्यात घालायचं इवलंसं वाळूचं घड्याळ आणि ते फिरवून तीन तास मागं जाणारी मुलं, हे तुला पाठ असणार. आता ती शेवटची प्रकरणं परत वाच, पण या वेळी फक्त आवाजांकडं लक्ष दे. पहिल्या फेरीत मुलांना दुरून जे ऐकू येतं आणि दिसतं, तेच दुसऱ्या फेरीतही घडतं. फक्त त्याचा अर्थ वेगळा निघतो. आधी घडलेलं काहीही पुसलं जात नाही. म्हणजे त्या भागात जे दिसतं त्यावरून, डोळ्यांदेखत मेलेल्या माणसाला परत आणायची सोय या घड्याळात नाहीच. हे झालं तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर २००३ साली आलेल्या पाचव्या भागात आहे. जादूगारांच्या मंत्रालयातल्या हाणामारीत या घड्याळांचा साठाच फुटतो आणि सहाव्या भागात तसं बोलूनही दाखवलं जातं.

असं का करावं लागलं? लेखकानं पात्रांच्या हाती फार ताकदीची वस्तू दिली, की पुढच्या प्रत्येक संकटात वाचक विचारणार, ती कुठं गेली? कल्पनारम्य कादंबरीत ही अडचण नेहमीची आहे. त्यावर उपाय तीनच. वस्तूला सुरुवातीलाच मर्यादा घालायची, तिची जबर किंमत ठेवायची, नाहीतर नंतर ती मोडायची. पहिले दोन अवघड, कारण त्यांचा विचार पहिलं पान लिहिण्याआधी करावा लागतो. तिसरा कधीही करता येतो, म्हणून तो बऱ्याचदा घाईचा वाटतो. आता मत तुझं. ‘तिसऱ्या भागातला नियम मला पटला, कारण तो मोडलेला एकही प्रसंग सापडला नाही, पाचव्या भागातली मोडतोड मात्र माझं तोंड बंद करायला घातल्यासारखी वाटली’ असं तू लिहिलंस, तर ऐकणारा उठून वाद घालू शकेल. ज्याच्याशी वाद घालता येतो, तेच मत. ‘मस्त होतं’ याच्याशी कुणी काय भांडणार?

हीच तपासणी कुठल्याही जादूच्या पुस्तकाला लावता येते. जादू कोण करू शकतं, त्यासाठी काय लागतं, जादूनं काय होऊच शकत नाही, आणि करणाऱ्याला त्याचं काय मोल द्यावं लागतं, एवढं पहिल्या शंभर पानांत कळलं पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलेलं पुस्तक शेवटी हमखास गडबडतं. नायक कोंडीत सापडला की एक नवाच मंत्र निघतो, आधी कधी न ऐकलेला. म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या पाव हिश्शात एखादी नवी शक्ती आली, तर तिचं बीज आधी कुठं पेरलं होतं ते शोध. सापडलं तर लेखकाला मनापासून दाद दे. सापडलं नाही तर तो पान क्रमांक टिपून ठेव, तुझ्या मताचा पुरावा तोच.

नियम चांगला असला की त्यातून अख्खं जग उभं राहतं, याचा उत्तम नमुना अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या १९६८ सालच्या कादंबरीत आहे. तिथं ज्याचं खरं नाव तुला ठाऊक, त्याच्यावर तुझा ताबा. नियम एवढाच. पण त्यामुळं त्या जगातली माणसं आपलं खरं नाव कुणालाही सांगत नाहीत, रोजच्या वापराला दुसरंच नाव ठेवतात, आणि कुणी कुणाला खरं नाव सांगितलं तर ती मैत्रीची मोठी खूण ठरते. एका नियमातून रीत, भीती आणि माया असं सगळं आपोआप निघालं. ही कादंबरी पातळ आहे, इंग्रजी मात्र जरा जड आहे. आठवीत दिवसाला दहा पानांच्या बेतानं घे.

आता अनाथ नायकाचं. तुझी तक्रार खरी आहे, पण ती अर्ध्यावर थांबली. मुलांच्या कादंबरीत लेखकापुढं पहिला पेच असतो मोठ्या माणसांचा. शहाणे, काळजी करणारे आईबाप घरात असले, तर तेरा वर्षांच्या पोरीला रात्री एकटीला गुहेत कोण जाऊ देईल? तेव्हा मोठ्यांना वाटेतून बाजूला करावं लागतं आणि त्यांना मारून टाकणं हा सगळ्यांत सोपा रस्ता. पण तो एकमेव नव्हे. सी. एस. लुईस यांच्या ‘नार्निया’ मालिकेच्या १९५० साली आलेल्या पहिल्या पुस्तकात युद्धामुळं लंडनमधली भावंडं खेड्यातल्या एका प्राध्यापकांच्या घरी पाठवली जातात. आईबाप जिवंत आहेत, फक्त लांब आहेत. १९३७ सालच्या ‘द हॉबिट’चा नायक तर पन्नाशीचा गृहस्थ आहे, स्वतःच्या घरात सुखानं खाऊनपिऊन राहणारा. तरीही ते पुस्तक लहान मुलांचं म्हणूनच लिहिलं आणि वाचलं गेलं. तेव्हा ‘नायक अनाथ आहे’ एवढ्यावर पुस्तकाला नापास करू नकोस. ते अनाथपण पुढं कामाला येतं का, ते बघ. दोनशे पानांत नायकाला आईबापांची एकदाही आठवण होत नसेल, तर ते फक्त सोयीसाठी मारलेत.

याच्याच शेजारी एक आणखी महत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटच्या लढाईत नायक जिंकतो तो कशाच्या जोरावर? जन्मखूण, भविष्यवाणी आणि घराण्याचं रक्त यांच्यावर, की आधी कुठंतरी धडपडत शिकलेल्या गोष्टीवर? तिथं त्याच्याऐवजी तितकंच शिकलेली दुसरी मुलगी उभी केली असती, तर तीही जिंकली असती का? ‘हो’ असं उत्तर निघणारी पुस्तकं आम्हाला जास्त मोलाची वाटतात. वाचणाऱ्या पोरांपैकी कुणाच्याच कपाळावर खूण नसते.

नकाशाबाबत मात्र तुझ्याशी सहमत होता येत नाही. नकाशा हा लेखकाची परीक्षा घ्यायचं साधन आहे आणि ती घ्यायला तुझ्यासारखी डोंगर-नद्यांच्या मुलखात राहणारी वाचक दुसरी नाही. बेळगाव ते खानापूर साधारण २६ किलोमीटर. सपाटीला चांगल्या रस्त्यानं माणूस दिवसभरात तेवढं चालतो, संध्याकाळी पाय बोलतात. तेच जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं, पावसाळ्यात, जंगलातल्या पायवाटेनं असेल, तर दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. घोडा रोजच्या रोज चालवायचा तर चाळीस-पन्नास धर, त्याहून जास्त पळवला तर तो बसतो. आता पुस्तकातला नकाशा घे, पट्टी लाव आणि प्रवासाचे दिवस मोज. नायक पाठीवर जखमी मित्र घेऊन दोन दिवसांत दोनशे किलोमीटर डोंगर ओलांडत असेल, तर तिथं खूण कर.

नद्याही बघ. नद्या उंचावरून खाली येताना एकमेकींना मिळतात, उगाच फुटून दोन दिशांना जात नाहीत. फाटे पडतात ते बहुधा समुद्राजवळच्या सपाटीत. पाणी वाटलं जातं ते डोंगराच्या माथ्यावर. तुझ्याच तालुक्यात बघ, मलप्रभा कणकुंबीजवळ निघते आणि पूर्वेला वळते, तर भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्याकडं जाते. डोंगर एकाच रांगेतले, पण एकीचं पाणी बंगालच्या उपसागराला आणि दुसरीचं अरबी समुद्राला. कुठल्याही काल्पनिक राज्यात असा पाणी वाटणारा डोंगर दिसला की त्याच्या दोन बाजूंना पीक, कपडे, खाणं, वैर हे सगळं बदललं पाहिजे. नकाशावर डोंगर आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक एकसारखेच वागतात, तर तो नकाशा नुसताच शोभेचा. अशा पुस्तकांपुरतं तुझं मत बरोबर आहे.

मधल्या भागांची एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक प्रकरण संपलं की वहीत एकच ओळ लिही, या प्रकरणात कुणी काय ठरवलं? लागोपाठ तीन ओळी ‘चालले, लपले, पुन्हा चालले’ अशा झाल्या की भाग ताणलाय. आणि दुसरा भाग गाळून थेट तिसरा वाचताना तुझं काही अडलं नाही, तर शंकाच नको.

आता भाषण. सावकाश, स्पष्ट बोललं तर मराठीत मिनिटाला एकशे दहा ते एकशे वीस शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना साडेपाचशे ते सहाशे शब्द पुरेत. तुझी चार पानं हजाराच्या घरात जातात. ती वाचायला आठ-नऊ मिनिटं लागतील, मधेच घंटा वाजेल आणि तुझं म्हणणं राहूनच जाईल. पहिल्याच पानावर तू अकरा नावं घेतली आहेस. ज्यानं पुस्तक वाचलं नाही त्याच्या डोक्यात तीन राहतात. नायक, त्याचा विरोधक आणि आणखी एकजण, बाकी सगळ्यांना ‘त्याची मैत्रीण’, ‘गावचा लोहार’ असं नात्यानं किंवा धंद्यानं सांग.

कथानकाला शंभर शब्द दे, त्याहून एकही जास्त नको. आणि पुस्तकाच्या पहिल्या पाव हिश्शाच्या पुढचं काही फोडायचं नाही. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर पंच्याहत्तराव्या पानाशी थांब. तुझ्या मसुद्यात शेवट सांगून टाकलाय, तो काढ. त्यानंतर एकच मत, एका वाक्यात. मग त्या मताला दोन पुरावे, पुस्तकातल्या नेमक्या प्रसंगांचे. त्यातल्या एका प्रसंगातला उतारा मोठ्यानं वाचून दाखव, पण साठ शब्दांच्या आत, म्हणजे अर्धं मिनिट. मग तुझ्याच मताच्या विरोधात जाणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांग. ही जागा बहुतेक मुलं गाळतात आणि नेमकं तिथंच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. शेवटी हे पुस्तक कुणाला द्यावं आणि कुणाला नको, वयासकट. ‘मस्त’, ‘भारी’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द मसुद्यात जिथं जिथं आलेत, तिथं ते खोडून त्या वेळी तू काय केलंस ते लिही. जेवायला हाक आली तरी उठले नाही, दोन पानं मागं जाऊन परत वाचली, असं. घड्याळ लावून दोनदा मोठ्यानं म्हण. एकदा भावासमोर म्हण आणि त्याला झालं की विचार, पुस्तकात काय आहे. त्याला सांगता आलं नाही तर कथानकाचे शंभर शब्द परत लिहावे लागतील.

हे पुरावे आयत्या वेळी आठवत नाहीत, वाचतानाच धरून ठेवावे लागतात. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिल लावू नकोस. जुन्या वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून जवळ ठेव. जिथं धडाधड वाचलंस तिथं ‘प’, जिथं कंटाळून ठेवलंस तिथं ‘ठ’, जिथं काही पटलं नाही तिथं ‘?’ लिहून पट्टी घाल. तीनशे पानांना दहा-पंधरा पट्ट्या झाल्या की पुरे. चाळीस झाल्या तर तू वाचत नाहीयेस, खुणाच करतेयस. पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ दे, मग पट्ट्या बघ. ‘ठ’ सगळे एकाच भागात आले असतील, तर पुस्तक कुठं बिघडलं ते तुझ्यासमोर आहे. आणि पुस्तक सुरुवातीलाच नको वाटलं तर? जाड पुस्तकाला पन्नास पानं आणि लहान मुलांच्या पातळ पुस्तकाला वीस द्यायची. त्यानंतर खुशाल बंद कर, फक्त अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर मत देताना तसं सांग. मराठी अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव घे आणि वाक्यं बोजड वाटली म्हणून मूळ लेखकाला दोष देऊ नकोस.

भावाचं. दे, पण सगळं एकदम नको. हॅरी पॉटरच्या ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आहे आणि पाचवा ७६६ पानांचा. नायक अकराव्या वर्षापासून सतरापर्यंत मोठा होतो आणि गोष्टही त्याच्याबरोबर मोठी होत जाते. नऊ वर्षांच्या मुलाला पहिले दोन आता दे. तिसरा तू शेजारी बसून वाच, कारण त्यातले काळे झगे घातलेले पहारेकरी रात्री आठवतात. चौथ्याच्या शेवटापासून मृत्यू जवळून येतो, तिथं वर्ष-दोन वर्षं थांबवलेलं बरं. नार्निया त्याच्या वयाला नेमकी आहे. सात पुस्तकं, १९५० ते १९५६. फक्त एक ध्यानात ठेव, हल्लीच्या संचांत पहिला क्रमांक दिलेलं पुस्तक मुळात १९५५ साली, सहावं म्हणून आलं होतं. त्यात त्या जगाचा जन्म सांगितलाय. तेच आधी वाचलं तर मुलं कपाटातून त्या जगातल्या बर्फात पाऊल टाकतात तेव्हाचं नवल निम्मं होतं. त्याला १९५० सालच्या पुस्तकापासूनच सुरुवात करून दे.

तुझ्या स्वतःसाठी एक सूचना आहे, आईलाही दाखव. इंग्रजी पुस्तकांत साधारण आठ ते बारा वयाच्या पुस्तकांना ‘मिडल ग्रेड’ म्हणतात आणि बारा-तेराच्या पुढच्यांना ‘यंग ॲडल्ट’. पहिल्यात नायक बहुधा दहा ते तेराचा, दुसऱ्यात चौदा ते अठराचा. पण तलवारी, फुलं आणि ड्रॅगन असलेल्या देखण्या मुखपृष्ठांची बरीच पुस्तकं चक्क प्रौढांसाठी असतात आणि दुकानात ती शेजारीच मांडलेली असतात. मुखपृष्ठावर जाऊ नका. मलपृष्ठावरचा मजकूर वाचा, नायिकेचं वय बघा, मधली दहा-बारा पानं चाळा. नायिका विशीच्या पुढं गेली असेल तर आधी आईनं नाहीतर बाईंनी बघावं.

आईला ‘काहीतरी चांगलं’ वाचून हवंय, तर तिच्याशी भांडू नकोस. जादू आणि चमत्कार मराठीत कालपरवा आलेले नाहीत. अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानानं एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणायला घेतल्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी घरातल्या आज्जी-आजोबांना ठाऊक असेल, विचारून बघ. आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती १८७१ सालची ‘मोचनगड’, तिचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर तुमच्याच जांबोटीचे. तीत जादू नाही, पण गड आहे. दोन कल्पनारम्य पुस्तकं झाली की एक असं पुस्तक, एवढा करार आईशी करून टाक. महाभारत तुला घरातूनच माहीत आहे, तेव्हा रोशनी चोक्शी यांची २०१८ पासूनची ‘अरू शाह’ मालिकाही बघ. पांडव आजच्या काळातल्या मुलींच्या रूपात आलेत, अशी कल्पना आहे. लेखिकेनं कुठं बदल केला आणि तो शोभला का, हे तू परदेशी वाचकापेक्षा नेमकं सांगू शकतेस.

पुस्तकं मिळवायची तर बेळगावात गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, जुनी मराठी पुस्तकं तिथं आधी विचार. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना जाणं झालं तर पुस्तकांचे स्टॉल सोडू नकोस. गावातल्या ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात मुलांना सभासदत्व फुकट आहे. कर्नाटक सरकारच्या २०२० साली सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) मोहिमेत तशी सोय केली गेली. तिथं कन्नड पुस्तकंच जास्त, पण तुला कन्नड वाचता येत असेल तर तो तोटा नव्हे, कपाट वाढलं असं समज. मालिका महाग पडते, म्हणून तिघी-चौघींनी एकेक भाग घ्यावा आणि फिरवावा. आणि वाचनालयातून पहिला भाग घरी आणण्याआधी दुसरा जागेवर आहे का, ते विचारून घे. नाहीतर शेवटाला येऊन लटकशील आणि पुढचा भाग दुसऱ्याकडून परत येईपर्यंत महिना जाईल.